वाटाड्या

टेबल केवढंसं! आमच्या शाळेत दोन मुलांचं लाकडी बाक असायचं, त्याच्या फळीपेक्षा थोडंसं रुंद. विमानाच्या डाव्या अंगाला, पायलटच्या मागे, भिंतीला लागून बसवलेलं. तिथपर्यंत जायचं तर शेपटाकडच्या दारातून वाकून शिरायचं आणि दोन्ही पंखांना जोडणारी जाडजूड आडवी तुळई ओलांडायची. माझे गुडघे सत्तरीला टेकलेले, मुलानं मागून हात दिला तेव्हा कुठे जमलं. टेबलाशी उभी राहिले आणि नकळत हात त्यावर फिरवला. कंपास, कोनमापक, टोक केलेल्या पेन्सिली, पसरलेला नकाशा. पस्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. या टेबलावर बसणाऱ्या पोराचं काम मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे नॅन्टन गाव. कॅल्गरीहून दक्षिणेला गाडीनं तासाभराच्या अंतरावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्याधमक कॅनोलाची शेतं, पश्चिमेला क्षितिजावर रॉकी पर्वताची निळसर रेघ, आणि गावात शिरताना धान्याची उंच लाकडी कोठारं. इथे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांचं संग्रहालय आहे आणि त्यात एक अख्खं लँकेस्टर उभं आहे. मुलगा म्हणाला होता, "आई, तुला आवडेल, नकाशे आहेत." मला युद्धाच्या वस्तू बघायची हौस नाही. नकाशे आहेत म्हणाला म्हणून गेले.

बाहेर काळ्या ग्रॅनाइटची लांबलचक भिंत आहे. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, गेलेल्या कॅनडाच्या माणसांची १०,६०० हून अधिक नावं तिच्यावर कोरलेली आहेत. त्यात एक आडनाव दोनदा येतं. टेरम. हार्लो टॉर्गर टेरम आणि त्याचा धाकटा भाऊ लॉर्न. मोठा होता नॅव्हिगेटर. त्याला सगळे टेरी म्हणत.

नॅव्हिगेटरला मराठीत काय म्हणायचं, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होते. दिशादर्शक म्हटलं की फलक वाटतो. नाविक म्हटलं की होडी दिसते. मग एकदम शब्द सापडला. वाटाड्या.

एकदा मुलींची सहल घेऊन हरिश्चंद्रगडावर गेले होते, पाचनईच्या बाजूनं. पावसाळा संपत आलेला. वर पोचता पोचता असं धुकं उतरलं की पुढच्या मुलीची वेणीसुद्धा दिसेना. बरोबर गावातला एक वाटाड्या होता, विशी-बाविशीचा पोरगा. तो थांबला. मला वाटलं, चुकला. तो म्हणाला, "बाई, चुकलो नाय. मागं कातळावर बाण होता ना, तिथनं किती चाललो ते मोजतोय." आणि खरंच त्यानं डोळे मिटून पावलं मोजली, वारा कुठल्या गालाला लागतोय ते पाहिलं आणि म्हणाला, आता उजवीकडे. पंधरा मिनिटांत देऊळ आलं.

लँकेस्टरमधला तो पोरगा हेच करत असे. फक्त पायाखाली कातळ नव्हता. होती ती रात्र, आणि खाली दिवे विझवून बसलेला शत्रूचा मुलुख.

समजा विमान ताशी २०० मैलांनी पूर्वेला चाललंय आणि उत्तरेकडून ताशी ४० मैलांचा वारा आहे. पायलट नाक सरळ पूर्वेला धरून बसला तर तासाभरानं विमान ४० मैल दक्षिणेला सरकलेलं असतं आणि आत बसलेल्या कुणालाही ते जाणवत नाही. हवा ढकलते तेव्हा अंगाला काही लागत नाही, कारण आपणही त्या हवेतच असतो. म्हणून नॅव्हिगेटरनं कागदावर त्रिकोण काढायचा : एक बाजू विमानाच्या वेगाची, एक वाऱ्याची आणि तिसरी बाजू खऱ्या वाटेची. शेवटची पक्की खूण कुठे मिळाली, किती वाजता मिळाली, तेव्हापासून किती मिनिटं गेली, याचा सतत हिशेब. बऱ्याच नॅव्हिगेटरांना दर सहा मिनिटांनी नोंद करायची शिस्त असे. सहाच का? सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. वेगातलं दशांश चिन्ह एक घर सरकवलं की अंतर हातात. हे वाचलं तेव्हा मला सातवीच्या वर्गात उभं असल्यासारखं वाटलं. थंडीनं बोटं बधिर झालेली, बाहेर तोफगोळे फुटताहेत, अशा वेळी डोकं चालावं म्हणून कुणीतरी हिशेब इतका सोपा करून ठेवलेला.

टेबलाभोवती पडदा असे, दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. त्यामुळे कित्येक नॅव्हिगेटरांनी ज्या शहरांवर जाऊन आले ती शहरं कधी पाहिलीच नाहीत. सात जणांना नेलं आणि परत आणलं, पण स्वतः पडद्याआड, नकाशावर मान घालून. पायलटचं नाव पेपरात येतं. विमान कुठे आहे हे मात्र याला विचारायचं.

टेरीचा जन्म २२ मे १९२० चा, आल्बर्टातल्या मायलो गावचा. मी हट्टानं मुलाला तिकडेही घेऊन जायला लावलं. एवढंसं गाव, शेतं आणि आभाळ. या मुलखातले रस्ते पाहून माझे डोळे दुखायला लागतात. मोजणी करताना जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत आखून टाकली, त्यामुळे रस्ते सरळसोट उत्तर-दक्षिण नाहीतर पूर्व-पश्चिम. नदीकाठानं वळत जाणारी, वडाला वळसा घालणारी आपली पाणंद इथे नाही. अशा गावातलं पोर अक्षांश-रेखांश डोळ्यांनी बघतच मोठं होत असणार, असं मला तिथे उभं राहून वाटलं. हा माझा तर्क, भूगोलाच्या बाईचा.

वडील गुटॉर्म नॉर्वेहून आलेले. टेरी लहान असतानाच ते गेले. लेक न्यूवेल नावाच्या तलावात दुसऱ्या कुणाचा जीव वाचवायला गेले आणि स्वतः बुडाले. आई हिल्डा मुलांना घेऊन उभी राहिली. टेरी अभ्यासात हुशार. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीनं नॉर्वेवर चाल केली आणि त्याच वर्षी टेरी हवाई दलात भरती झाला. बापाच्या मुलखाचं त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. पण ज्या घरात बाप नाही, त्या घरात बापाचं गाव जास्तच जिवंत असतं. मी हे माझ्या आईच्या माहेरात पाहिलंय.

कॅनडा तेव्हा सगळ्या राष्ट्रकुलासाठी वैमानिक घडवत होता. युद्ध संपेपर्यंत इथून १,३१,००० हून अधिक माणसं शिकून बाहेर पडली. शेतात धावपट्ट्या आखल्या, गव्हाच्या कडेला शाळा उभ्या राहिल्या. टेरी नक्षत्रं, वारे, नकाशे शिकला आणि इंग्लंडला गेला. तिथे ५० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, पुरी एक पाळी उडाला. पाळी म्हणजे साधारण तीस मोहिमा. ती पुरी करणारे कमी. बॉम्बर कमांडमध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं उडाली आणि ५५,५७३ परत आली नाहीत. पाळी संपली की विश्रांती म्हणून शिकवायला पाठवत. टेरीही नव्या पोरांना शिकवायला लागला होता. म्हणजे आमच्या जातीचा झाला होता. तिथेच राहिला असता तर.

१९४३ च्या मार्चमध्ये लिंकनशायरमधल्या स्कॅम्पटनला एक नवं स्क्वाड्रन उभं राहिलं, ६१७ नंबरचं. प्रमुख गाय गिब्सन. हा इंग्रज पोरगा जन्मला आपल्या सिमल्यात, १९१८ साली. त्यानं स्वतःच्या विमानासाठी नॅव्हिगेटर घेतला तो टेरी. काम काय ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. फक्त चांदण्या रात्री, झाडांच्या शेंड्यांवरून, खूप खालून उडायचा सराव. एवढ्या खालून जाताना नेहमीचा मोठा नकाशा कामाचा नाही. म्हणून वाटेपुरत्या पट्ट्या कापून त्या लाटण्यासारख्या दोन रुळांवर गुंडाळायच्या. विमान पुढे जाईल तसा एक रूळ फिरवत राहायचं, कालवे, पूल, रेल्वेचे फाटे हाताखालून सरकत जातात. आपल्याकडे चित्रकथी चित्रांची पोथी एकेक पान पुढे करतात, तशी ती वाट उलगडत जाते.

१६ मेला कळलं की त्याच रात्री जर्मनीतली धरणं फोडायची आहेत. १९ विमानं, १३३ माणसं, त्यांतली ३० कॅनडाची. बॉम्ब पाण्यावर भाकरीसारखा उड्या मारत जाऊन धरणाच्या भिंतीला टेकला पाहिजे, त्यासाठी तो बरोबर ६० फुटांवरून सोडायचा. म्हणजे सहा मजली इमारतीच्या उंचीवरून, ताशी सुमारे ३७० किलोमीटरच्या वेगानं, रात्री, पाण्यावर. उंची मोजायची युक्ती साधी होती. पोटाखाली दोन दिवे तिरके बसवले. विमान बरोबर साठ फुटांवर आलं की त्यांची वर्तुळं पाण्यावर एकमेकांना चिकटतात, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. ती वर्तुळं बघायचं काम नॅव्हिगेटरचं. पडद्याआड बसणारा टेरी त्या रात्री पडद्याबाहेर आला. उजव्या बाजूच्या फुगीर काचेतून खाली डोळे लावून तो सांगत होता, अजून खाली, अजून, बस, असंच. समोरून तोफा सुरू होत्या आणि हे विमान स्वतःचे दिवे लावून त्यांच्यावर चालून जात होतं.

म्योना धरणावर पहिला बॉम्ब त्यांच्या विमानानं टाकला. भिंत पाचव्या बॉम्बला फुटली. मग तिथून एडरचं धरण, डोंगरांच्या घडीत, धुक्यात. तेही फुटलं. आठ विमानं परत आली नाहीत, ५३ जण गेले. टेरी पहाटे स्कॅम्पटनला उतरला. पाच दिवसांनी त्याला तेवीस पुरी झाली. पुढे पदक मिळालं, राजाराणी भेटायला आले.

इथे मला थांबावं लागतं. संग्रहालयातले काका भिंत फुटल्याचं सांगत होते आणि माझ्या नाकात वास आला. ओल्या धान्याचा, कुजलेल्या ज्वारीचा, चिखलाचा. १२ जुलै १९६१. मी पाच वर्षांची होते, आम्ही नारायण पेठेत राहायचो. पानशेत फुटलं. आईनं मला काखोटीला मारलं, हातात देवाचा डबा घेतला आणि उंचावरच्या ओळखीच्यांकडे धाव घेतली. परत आलो तेव्हा जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ते भिंतीवरच्या रेघेनं कळत होतं. ती रेघ वडिलांनी कित्येक वर्षं रंगवू दिली नाही. धरण फुटतं म्हणजे काय होतं, हे मला कुणी चित्रात दाखवायला नको.

म्योनाच्या खालच्या खोऱ्यात त्या रात्री किमान १३०० माणसं बुडाली. त्यांत निम्म्याहून अधिक परदेशातून धरून आणलेले मजूर होते. नेहाइम गावाजवळ त्यांची छावणी होती, तिथे रशिया-युक्रेनकडून पकडून आणलेल्या कितीतरी तरुण बायका होत्या. हिटलरच्या कैदेत पडलेल्या आणि हिटलरच्या शत्रूनं सोडलेल्या पाण्यात गेलेल्या. त्याही कुणाच्या लेकी होत्या आणि टेरीच्याच वयाच्या. त्यांची नावं कुठल्या ग्रॅनाइटवर आहेत का, हे मी त्या काकांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. ते युद्ध लढायला हवंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण टेरीसाठी डोळे भरून येतात तेव्हा मी नेहाइमच्या त्या मुलींना दाराबाहेर उभं करू शकत नाही. दोघांनाही आत घ्यावं लागतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मला फार वेळ लिहवत नाही. गिब्सनला वरिष्ठांनी उडायचं थांबवून भाषणांसाठी कॅनडा-अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं. त्याच्या जागी होल्डन नावाचा अधिकारी आला आणि गिब्सनची माणसं त्याच्या विमानात गेली. १५ सप्टेंबर १९४३ च्या रात्री आठ विमानं डॉर्टमुंड-एम्स कालवा फोडायला निघाली, पुन्हा तसंच खालून, पोटात १२,००० पौंडांचा बॉम्ब घेऊन. नॉर्डहॉर्न गावावरून जाताना होल्डनच्या विमानाला तोफेचा मार लागला. विमान जमिनीवर आदळलं आणि तो बॉम्ब फुटला. आत आठ जण होते. त्यांतले चार जण धरणांच्या रात्री गिब्सनबरोबर होते : टेरी, स्पॅफर्ड, हचिसन, डीअरिंग. त्या मोहिमेतली आठांपैकी पाच विमानं गेली. टेरी राइशवाल्डच्या दफनभूमीत आहे, जर्मनीत.

लॉर्न त्यानंतरही भरती झाला. थोरला गेलेला माहीत असताना. हिल्डानं त्याला काय म्हटलं असेल? मी मुलाला साधं बर्फात गाडी चालवू नकोस म्हणते तर तो ऐकत नाही. लॉर्न विमानातला तोफची झाला आणि १९४५ च्या फेब्रुवारीत पहिल्याच मोहिमेत गेला. अठरा वर्षांचा होता. युरोपातलं युद्ध संपायला तीन महिने उरले होते.

मुलगा मला म्हणतो, तू हिल्डाच्या मागे का लागलीस? त्याला काय सांगू. तो दहा वर्षांपूर्वी विमानात बसला तेव्हापासून माझ्या तोंडी एकच वाक्य आहे : पोचलास की कळव. विमानतळावर पोचलास की कळव, उतरलास की कळव, घरी पोचलास की कळव. फोनवर नकाशात ते छोटं विमान सरकताना रात्रभर बघत बसायची मी. गाठीला शेवटचा मेसेज, त्यावरची वेळ, आणि तिथून पुढे सगळा हिशेब. आता जेवला असेल. आता निजला असेल. आता बर्फात अडकला तर नसेल? प्रत्येक आई हा त्रिकोण काढत असते, शेवटच्या खुणेपासून. हिल्डाजवळ तर फोनही नव्हता. पत्र हातात पडायचं तेव्हा त्यातली खुशाली कित्येक दिवसांची शिळी झालेली असायची. तारेचा मुलगा दारात येत नाही तोवर सगळं ठीक, एवढाच तिचा नकाशा.

म्हणून एक गोष्ट मी मुद्दाम शेवटाला ठेवली आहे.

गिब्सन दौऱ्यावर फिरत फिरत १९४३ च्या त्याच सप्टेंबरात कॅल्गरीला आला. आणि तिथे हिल्डाला भेटला. पंचवीस वर्षांचा तो नावाजलेला वैमानिक, आणि समोर त्याच्या वाटाड्याची आई. आमच्याकडे अशा वेळी आधी पाणी देतात, मग बस म्हणतात, मग विचारतात, माझा पोरगा बरा आहे ना? जेवतो ना वेळेवर? तिकडे काय रीत असेल ती असो, प्रश्न तोच असणार. आणि उत्तर द्यायला याच्यापेक्षा खात्रीचा माणूस जगात दुसरा नव्हता. त्या पोरानं ज्याला जर्मनीत नेलं आणि परत आणलं तोच माणूस सांगायला समोर होता. इतकी पक्की खूण हिल्डाला युद्धात क्वचितच मिळाली असेल.

ती भेट झाली तेव्हा १५ तारीख अजून काही दिवस लांब होती.

कॅल्गरी आणि इंग्लंडमध्ये सात तासांचं अंतर आहे. मुलाच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून मी तो हिशेब परत परत केला. ते दोघं बोलत होते ती संध्याकाळची वेळ धरली, तर तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. स्क्वाड्रन तेव्हा नुकतंच स्कॅम्पटनहून कॉनिंग्सबीला हललं होतं. त्या रात्री मोहीम नव्हती. नव्या जागेतल्या पलंगावर टेरी गाढ झोपलेला असणार, उद्या उठून पेन्सिलींना टोक काढायचं म्हणून.